काशीची तिथी आणि विमानाचे भाडे

संसदेच्या अधिवेशनात काही प्रश्न पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच निघून जातात. विमानभाड्याचा प्रश्न त्यांपैकीच एक. दिवाळी जवळ आली, एखादा कुंभमेळा भरला किंवा एखाद्या कंपनीची विमाने जमिनीवर राहिली, की सभागृहात या प्रश्नाला वाचा फुटते. सत्तारूढ आणि विरोधी असा भेद त्यापुरता मावळतो. भाडी ठरवणे हे सरकारचे काम नाही, मात्र सरकार लक्ष ठेवून आहे, असे मंत्रिमहोदय सांगतात. सण सरतो, भाडी उतरतात आणि प्रश्नही कामकाजाच्या इतिवृत्तात जाऊन बसतो. १२ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत काँग्रेसचे सदस्य शफी परांबिल यांच्या अशासकीय ठरावाला उत्तर देताना नागरी विमान वाहतूकमंत्री राममोहन नायडू यांनी वर्षभर आणि देशभर भाड्यांवर मर्यादा घालणे व्यवहार्य नाही, अशी भूमिका मांडली. त्या भूमिकेत तथ्य नाही असे नव्हे. परंतु वर्षभराची मर्यादा नको, हे मान्य केले तरी प्रवाशाला आधीपासून ठाऊक असलेला एखादा नियम असावा की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हा प्रश्न समजून घ्यायला वाराणसीइतके योग्य ठिकाण नाही. २०१४ पासून पंतप्रधानांचा मतदारसंघ असलेले हे शहर, १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यापासून, देशातील यात्रेकरूंच्या नकाशावर पूर्वीपेक्षा कितीतरी ठळक झाले आहे. मराठी माणसाला तर काशी परकी कधीच नव्हती. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले. भोसले घाट आणि शिंदे घाट ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. एके काळी काशीला निघणारा माणूस घरादाराची निरवानिरव करून निघे आणि सुखरूप परतला, तर गावाला मावंदे घाली. आज मुंबईहून सव्वादोन तासांत बाबतपूरच्या लालबहादूर शास्त्री विमानतळावर उतरता येते. वाटेतले भय संपले. त्याची जागा आता तिकिटाच्या आकड्याने घेतली आहे.

कुंभाने दिलेला धडा

१३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात प्रयागराज येथे महाकुंभ भरला. त्याच्या स्नानाच्या तिथी कुणापासून लपलेल्या नव्हत्या. मकरसंक्रांत, मौनी अमावास्या, वसंत पंचमी, महाशिवरात्र हे दिवस पंचांगात वर्षापूर्वीच छापलेले होते. विमान कंपन्यांच्या संगणकांनाही ते ठाऊक होते. तरीही जानेवारीच्या उत्तरार्धात प्रयागराजची भाडी अशी भडकली, की केंद्रीय मंत्र्यांनाच त्यावर जाहीर बोलावे लागले. प्रयागराजला जागा मिळेना, म्हणून यात्रेकरू सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या वाराणसीला उतरू लागले आणि तो भार बाबतपूरच्या भाड्यांवरही पडला.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्यानंतर हालचाल केली. जानेवारीत ८१ जादा उड्डाणांना मंजुरी देण्यात आली आणि प्रयागराजला जोडणाऱ्या उड्डाणांची संख्या १३२ वर गेली. कंपन्यांना भाडी वाजवी ठेवण्यास सांगण्यात आले आणि महिनाअखेरीस ती उतरू लागली. या घटनाक्रमातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली, भाडे उतरवण्याचा खरा उपाय जागा वाढवणे हा आहे. दुसरी, सरकारने मनावर घेतले तर भाडी खाली येऊ शकतात. खंत एवढीच, की मौनी अमावास्येसाठी ज्यांनी जानेवारीच्या मध्यावर तिकीट काढले, त्यांच्या दृष्टीने हा दिलासा वरात गेल्यावर आलेल्या घोड्यासारखा ठरला. तिथी वर्षभर आधी ठाऊक असताना जादा उड्डाणांचा निर्णय आयत्या वेळी का व्हावा, याचे उत्तर कोणी दिले नाही.

भाड्याची शिडी

विमानाचे भाडे कसे ठरते, याविषयी प्रवाशांमध्ये अनेक समज प्रचलित आहेत. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळते, एकच मार्ग पुन्हा पुन्हा शोधला की संगणक भाडे वाढवतो, एजंटाकडे वेगळा कोटा असतो, इत्यादी. प्रत्यक्षातील यंत्रणा याहून साधी आहे. समजा, एका विमानात १८० आसने आहेत. ती सर्व एकाच भावाने विकायला काढलेली नसतात. कंपनी त्यांचे दहा-बारा गट पाडते आणि प्रत्येक गटाला वेगळा भाव लावते. खालच्या पायरीवरची आसने संपली, की विक्री वरच्या पायरीवर जाते. खालच्या पायरीवर किती आसने ठेवायची, हे मागील वर्षांची विक्री, सुट्ट्या, सणवार आणि प्रतिस्पर्ध्यांचे भाव पाहून ठरते. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाडी नियंत्रणमुक्त झाल्यानंतर तेथील मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र संगणकाच्या साह्याने विकसित केले. भारतात मार्च १९९४ मध्ये १९५३ चा हवाई महामंडळ कायदा रद्द झाला आणि भाडी ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे गेला. पण सामान्य प्रवाशाला शिडीची ओळख झाली ती २००३ मध्ये एअर डेक्कनच्या स्वस्त तिकिटांमुळे.

ही शिडी केवळ चढण्याची नसते. उड्डाण जवळ येऊनही आसने अपेक्षेइतकी विकली गेली नाहीत, तर बंद झालेली खालची पायरी पुन्हा उघडते. प्रतिस्पर्ध्याने नवे उड्डाण सुरू केले, तरी तसेच होते. म्हणून कालचे महाग तिकीट आज स्वस्त दिसू शकते. मात्र शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत असे क्वचित घडते, कारण त्या काळात तिकीट काढणारा माणूस बहुधा गरजवंत असतो. शिडीचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे. विमान कंपनी आसन विकते खरी, पण भाव लावते तो गरजेला.

या शिडीचा सामाजिक लाभही नाकारता येत नाही. वरच्या पायरीवरचा प्रवासी खालच्या पायरीवरच्याचा भार उचलतो, म्हणूनच कालपर्यंत रेल्वेच्या शयनयानात बसणारी कुटुंबे आज विमानात दिसतात. २०२४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. मंत्रिमहोदय नियंत्रणमुक्तीचे समर्थन करतात ते या वाढीच्या आधारावर. परंतु शिडी प्रामाणिक राहण्यासाठी शेजारी दुसऱ्याची शिडी उभी असावी लागते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातील सुमारे नऊ जण इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच समूहांच्या विमानांतून उडत होते. बाजाराला भाव ठरवू द्यावा, हे तत्त्व ठीक. पण ज्या बाजारात दोनच दुकाने आहेत, त्याला बाजार म्हणावे काय?

सरकारचे स्वतःचे एकवीस दिवस

नागरिकाला बाजारावर सोडणारे सरकार स्वतः प्रवासी होते तेव्हा काय करते, हे पाहणे उद्बोधक आहे. एअर इंडिया सरकारी होती, तोवर केंद्रीय कर्मचाऱ्याला सरकारी खर्चाचा प्रवास तिच्यानेच करावा लागे. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि सरकार इतरांसारखेच एक गिऱ्हाईक झाले. त्यानंतर पाचच महिन्यांत, १६ जून २०२२ रोजी, वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने कार्यालयीन ज्ञापन काढले. दौरा असो वा रजा प्रवास सवलत, म्हणजे एलटीसी, तिकीट प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढावे, असे त्यात सुचवले आहे. बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच संस्थांमार्फत ते घ्यावे; तीन तासांच्या टप्प्यातील विनाथांबा विमानांपैकी सर्वांत स्वस्त निवडावे; प्रवासाला ७२ तासांहून कमी अवधी असताना तिकीट काढले, तर कारण लिहून द्यावे, असेही बंधन आहे.

राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना हे ज्ञापन तोंडपाठ असेल. त्याचा राजकीय अर्थ मात्र फारसा कुणी लक्षात घेतलेला नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत भाडे चढते आणि शेवटच्या तीन दिवसांत ते अवाजवी होते, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच आहे. स्वतःच्या तिजोरीसाठी सरकारने या वास्तवावर नियम केला. नागरिकांच्या खिशासाठी मात्र ‘लक्ष ठेवून आहोत’ एवढेच उत्तर आहे. खासदारांना तर हा प्रश्न याहूनही लांबचा. १९५४ च्या वेतन व भत्ते कायद्यानुसार त्यांना वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात. ज्याला भाडे स्वतः भरावे लागत नाही, त्याने भाड्यावर पोटतिडकीने बोलावे ही लोकशाहीची अपेक्षा रास्त असली, तरी ती नेहमी पुरी होतेच असे नाही.

काशीसाठी तिकीट केव्हा काढावे

ज्याच्या हाती तारीख आहे, त्याने शिडीची खालची पायरी गाठता येते. साधारण दिवसांसाठी प्रवासाच्या दोन महिने ते तीन आठवडे आधीचा काळ सर्वांत बरा. त्याहून फार आधी गेल्याने विशेष लाभ होतो असे नाही. गर्दीच्या तिथींसाठी मात्र तीन महिनेही फार नाहीत. देवदिवाळी, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा, आणि महाशिवरात्र या दोन दिवसांना काशीतील धर्मशाळांपासून विमानांपर्यंत सारे भरलेले असते. एलटीसीवर जाणाऱ्यांनी रजामंजुरीचा वेळही हिशेबात धरावा. मंजुरीची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत असताना भाड्याची शिडी थांबून राहत नाही.

श्रावणाची गोष्ट वेगळी आणि मराठी यात्रेकरूने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे काशीचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. महाराष्ट्रात आषाढ वद्य चालू असते, तेव्हा काशीत कावडियांची गर्दी उसळलेली असते आणि राखी पौर्णिमेला त्यांचा सावन संपतो. आपल्या श्रावणाचा वद्य पक्ष तेथे भाद्रपदाचा पहिला पंधरवडा असतो. श्रावणी सोमवारचे पुण्य आपल्या पंचांगाप्रमाणे हवे असणाऱ्याला त्या पंधरवड्यात तेथे गर्दीही कमी मिळते आणि तिकीटही बरे मिळण्याचा संभव असतो.

कुटुंबाने जायचे असेल, तर आणखी एक खाचखळगा आहे. समजा, पाच तिकिटे हवी आहेत आणि ५,२०० रुपयांच्या पायरीवर तीनच आसने उरली आहेत. पुढची पायरी ६,४०० रुपयांची आहे. पाच तिकिटे एकदम मागितली, की बहुतेक यंत्रणा पाचही जणांना वरचाच भाव लावते आणि बिल ३२,००० रुपये होते. तीन आणि दोन अशी विभागून काढली, तर २८,४०० रुपयांत काम होते. म्हणून आधी एका प्रवाशाचे भाडे पाहावे, मग सर्वांचे. तसेच डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या काठचे धुके सकाळची विमाने रोखून धरते. त्या दिवसांत दुपारचे विमान थोडे महाग असले, तरी अंतिमतः स्वस्त पडते. बाबतपूरचे भाडे आवाक्याबाहेर गेले, तर प्रयागराज आणि लखनौ ही पर्यायी विमानतळे पाहावीत. मात्र लखनौहून काशी सुमारे तीनशे किलोमीटर आहे, हा रस्त्याचा खर्च विसरू नये. तिकीट रद्द करावे लागले आणि ते ‘परतावा नसलेले’ असले, तरी त्यातील कर आणि विमानतळ शुल्क परत मिळण्याचा प्रवाशाला हक्क आहे. अनेक जण तो मागतच नाहीत.

रेल्वेशी सांगड घालतानाही सावध राहावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होऊ लागले. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसचे तिकीट त्या दिवशी मिळाले नाही, की प्रवासी प्रतीक्षा यादीवर भरवसा ठेवून बसतो. तक्ता लागतो आणि नाव यादीतच राहते, तोवर विमानभाडे शेवटच्या पायरीवर पोहोचलेले असते. दिल्लीकरांना फेब्रुवारी २०१९ पासून वंदे भारतचा आधार आहे. आठ तासांत काशी गाठणारी ती गाडी या मार्गावरील विमानभाड्यालाही एक प्रकारचा लगाम घालते. मुंबई आणि पुण्याहून निघणाऱ्यांपुढे असा पर्याय नाही. रेल्वेने त्यांना एक दिवसाहून अधिक काळ लागतो, आणि भाड्याचा चटका त्यांनाच अधिक बसतो.

ज्यांच्या हाती तारीख नसते

आतापर्यंत सांगितलेला सारा उपदेश एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे तारीख आधी ठरवता येते. परंतु काशी हे केवळ तीर्थयात्रेचे गाव नव्हे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील विद्यार्थी, तेथे नोकरीला असलेला मुलगा, पिढ्यान्‌पिढ्या घाटांवर राहिलेली मराठी घराणी यांच्या घरी आजारपण येते, मृत्यू येतो. काशीवास पत्करलेले वृद्ध आईवडील तेथे शेवटचे दिवस कंठत असतात आणि एका रात्री फोन येतो. कुणाला दहाव्याच्या आत अस्थी गंगेत सोडायच्या असतात. अशा माणसाला २१ दिवस आधी तिकीट काढा, असे कोणते ज्ञापन सांगणार?

तो संगणकापुढे बसतो, तेव्हा संगणकाला दिसते ते एवढेच, की याला उद्याच जायचे आहे. सहलीला निघालेला माणूस महाग तिकीट पाहून बेत बदलू शकतो. मणिकर्णिकेवर पोहोचायचे आहे तो बदलू शकत नाही. शिडीची सर्वांत वरची पायरी त्याच्यासाठीच राखलेली असते. कंपनी त्यात क्रूर असते असे नव्हे. व्यापारी कामासाठी आयत्या वेळी निघणारा आणि सुतकात निघणारा यांतला फरक तिच्या यंत्रणेला कळत नाही, आणि तो कळावा असा नियम कुणी केलेला नाही. उत्तर अमेरिकेत डेल्टा, एअर कॅनडा यांसारख्या कंपन्यांनी निकटच्या आप्ताच्या मृत्यूप्रसंगी वेगळे भाडे देण्याची प्रथा ठेवली आहे. जेथे मृत्यूनंतरचे तेरा दिवस धर्माने बांधून दिले आहेत, त्या देशात असा विचार संसदेत गंभीरपणे होऊ नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

अधिकार आहे, नियम नाही

सरकारकडे अधिकार नाही, ही समजूतही खरी नाही. १९३७ च्या विमान नियमांतील १३५ व्या नियमाने कंपनीला भाडे ठरवण्याची मुभा दिली, ती सेवेचा खर्च, वाजवी नफा आणि प्रचलित भाडी यांचा विचार करून. आणि भाडे अवाजवी असल्यास निर्देश देण्याचा अधिकार डीजीसीएला दिला. हा अधिकार वापरला जातो तो संकट आल्यावर. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर विमाने सुरू झाली, तेव्हा उड्डाणाच्या वेळेनुसार सात टप्पे पाडून किमान आणि कमाल भाडी ठरवण्यात आली. दिल्ली–मुंबईसाठी ती ३,५०० ते १०,००० रुपये होती आणि ४० टक्के आसने मध्यबिंदूपेक्षा कमी भावाने विकण्याचे बंधन होते. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ही व्यवस्था संपली.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०२५ चा. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या नव्या नियमांशी जुळवून घेताना इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची भाडी गगनाला भिडली. ६ डिसेंबर रोजी सरकारने अंतरानुसार मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. कर आणि शुल्क वेगळे. हवाई अंतराने वाराणसी दिल्लीपासून सुमारे ६७० आणि मुंबईपासून सुमारे १,२५० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईच्या पाच जणांच्या कुटुंबाला जाऊन येऊन दीड लाख रुपये अधिक कर, ही ‘मर्यादा’ ठरली. आयत्या वेळच्या मर्यादेचा अर्थ आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका आकड्यात दिसतात.

या दोन टोकांमधला मार्ग सुचवला गेलेला नाही असेही नाही. वाहतूक, पर्यटन आणि सांस्कृतिक विषयांच्या संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मधील अहवालात कंपन्यांचे आत्मनियमन पुरेसे ठरत नसल्याचे नोंदवून भाड्यांसाठी अर्धन्यायिक अधिकारांची स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची आणि मार्गनिहाय मर्यादेचा विचार करण्याची शिफारस केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्यांतील अनिश्चित चढउतारांविषयीच्या जनहित याचिकेवर केंद्राला नोटीस बजावली. विशेष म्हणजे सरकारच्या मालकीच्या अलायन्स एअरने १३ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात काही निवडक मार्गांवर ‘फेअर से फुरसत’ ही योजना राबवली. तिकीट महिनाभर आधी काढा की आदल्या दिवशी, भाडे एकच. तिचा प्रारंभ खुद्द नागरी विमान वाहतूकमंत्र्यांनीच केला होता.

कायमच्या कमाल मर्यादेचे धोके खरे आहेत. वरची पायरी कापली, की कंपनी खालची पायरी उचलते, आणि आगाऊ तिकीट काढणाऱ्या निम्नमध्यमवर्गीयाचे स्वस्त तिकीट जाते. परंतु शिडी झाकून ठेवलीच पाहिजे, असा काही नियम नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रेल्वेने राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना चढते भाडे लागू केले, तेव्हा दर दहा टक्के जागा विकल्या गेल्यावर मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढेल आणि अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, हे जाहीर केले. त्या निर्णयावर टीका झाली. तरी प्रवाशाला शिडीच्या पायऱ्या किती आणि माथा कोठे, हे ठाऊक होते. विमान कंपन्यांनी एवढे जरी केले, गर्दीच्या ठरलेल्या तिथींसाठी जादा उड्डाणांचे वेळापत्रक आधी जाहीर झाले, आणि मृत्यू वा गंभीर आजाराच्या प्रसंगी प्रत्येक उड्डाणातील काही आसने मधल्या पायरीच्या भावाने राखली, तर बाजारही राहील आणि माणुसकीही.

नाशिकची कसोटी

दीर्घकालीन उपाय अर्थातच जागा वाढवण्याचा. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसी विमानतळाच्या विस्तारासाठी २,८६९.६५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. वार्षिक प्रवासी क्षमता ३९ लाखांवरून ९९ लाखांवर नेणे आणि धावपट्टी ४,०७५ मीटरपर्यंत वाढवणे त्यात अंतर्भूत आहे. इकडे नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आणि मुंबईच्या कोंडलेल्या धावपट्टीला पर्याय मिळाला. परंतु विमानतळ मोठे झाले, म्हणून विमान कंपन्या वाढतात असे नव्हे. दोन दुकानांच्या बाजारात अंगण वाढवल्याने भाव उतरेलच, याची खात्री कोण देणार?

या प्रश्नाची पुढची कसोटी महाराष्ट्राच्याच अंगणात आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. काशी, प्रयाग, हरिद्वार आणि दक्षिणेतून येणारे यात्रेकरू ओझर, मुंबई, शिर्डीच्या विमानतळांवर उतरतील. त्या वेळीही पंचांग सर्वांच्या हाती असेल. जादा उड्डाणे कोणत्या दिवशी, भाड्याची शिडी कोठवर आणि अडल्यानडल्या प्रवाशासाठी काय तरतूद, हे महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांनी आणि राज्य सरकारने स्नानाच्या आधी विचारले, तर प्रयागच्या अनुभवाचे काहीतरी सार्थक होईल. स्नान उरकल्यावर शून्य प्रहरात विचारले, तर मंत्रिमहोदयांचे उत्तर तयारच आहे: सरकार लक्ष ठेवून आहे.